वाढीव सहा सेकंद

मंगळवारी सकाळी आई फोनवर ताईला म्हणाली, "तू तक्रार टाकलीस म्हणून झालं गं बाई. हिच्या भरवशावर बसले असते तर अजून अर्ध्या रस्त्यातच उभी असते मी." मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. दार उघडं होतं. मला ऐकू जाऊ नये म्हणून आईने आवाज लहान केला नव्हता, की मला लागावं म्हणून मोठाही केला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. टोमणा मारला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते, ती चार बोलली असती, आणि डबा घेऊन मी घराबाहेर पडेपर्यंत विषय संपला असता. पण ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. मी डब्याचं झाकण लावलं, ते एका बाजूने वर राहिलं, काढून पुन्हा लावलं. बाहेर आई हसत होती. ताईशी बोलताना तिचं एक निराळंच हसू असतं, ते घरात एरवी कधी ऐकू येत नाही. चव्वेचाळीस वर्षांत मी तिला अनेकदा हसवलं आहे, पण ते हसू काही मला काढता आलेलं नाही.

सहा सेकंद मी वाढवले होते. ताईने नाही, तिच्या तक्रारीने नाही, मी. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, साहेब निघून गेल्यावर, माझ्या टेबलावरून, माझ्या पासवर्डने.

आमच्या इमारतीसमोरचा रस्ता एकवीस मीटर रुंद आहे. मला हे पक्कं माहीत आहे, कारण तो मीच मोजलेला आहे. शहरात कुठल्या चौकात पायी जाणाऱ्यांना किती सेकंदांचा हिरवा दिवा द्यायचा, हे ठरवण्याचं माझं काम. गेली अकरा वर्षं मी तेच करते आहे. कामात तसं अवघड काही नाही. फुटपाथवर स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. माणसाने रस्त्यावर पाऊल ठेवलं की दाबायचं, पलीकडे वर चढलं की दाबायचं. अशी शंभर माणसं मोजायची. मग त्या शंभरातली सगळ्यात हळू पंधरा बाजूला काढायची आणि उरलेल्या पंच्याऐंशींना पुरेल एवढा वेळ द्यायचा. त्या पंधरांनी काय करायचं, हे नियमावलीत कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या चौकाचा क्रमांक एकशे सतरा, आणि तिथे अठरा सेकंद बसतात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई त्या पंधरांत गेली. तिला न सांगता मी तिला मोजलं होतं, खिडकीतून, दुपारी चार वाजता ती पलीकडच्या वाचनालयात निघाली तेव्हा. साडेतेवीस सेकंद. शून्य झालं तेव्हा ती रस्त्याच्या चार लेनपैकी तिसरी आणि चौथी यांच्या मध्ये होती, आणि एका रिकाम्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून तिच्याकडे बघत होता. मी स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं आणि पडदा ओढून घेतला. तो आकडा मी कुठेही लिहून ठेवला नाही.

तर हे माझं काम. आईने त्याबद्दल अकरा वर्षांत एकदाही काही विचारलं नाही. "सिग्नलमध्ये आहे," असं ती शेजारणींना सांगते. त्यांना वाटतं मी चौकात शिट्टी घेऊन उभी असते, आणि आई तो गैरसमज दूर करत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही. मात्र तीन वर्षांपूर्वी ताईने एक व्हिडिओ पाठवला. भावजींची पूल बांधण्याची कंपनी त्यांना दर वर्ष-सहा महिन्यांनी नव्या देशात पाठवते आणि ताई त्यांच्यामागून आपलं घर पेटीत भरून नेते. कुठल्या तरी परक्या शहरातल्या रस्त्याकाठी उभी राहून तिने तिथल्या सिग्नलचा तो व्हिडिओ काढला होता. हिरव्या दिव्यात एक छोटा माणूस चालत होता, वरती आकडे उतरत होते, आणि शेवटच्या काही सेकंदांत तो माणूस चक्क धावायला लागायचा. व्हिडिओखाली लिहिलं होतं, "धाकटीला दाखव, तिच्या कामाचं आहे." आईने तो मला दाखवला, पण त्याआधी तिने स्वतः तो किती वेळा पाहिला होता कोण जाणे. कारण ताईच्या आवाजाबरोबर आईही मोजत होती. "नऊ, आठ, सात, बघ हं, आता पळेल, आता पळेल, पळाला!" आणि आई खुदकन हसली. तेच हसू.

मग ताईला नादच लागला. एका देशात तांबड्या दिव्यालाही आकडे होते, म्हणजे थांबायचं किती तेही माणसाला कळतं. एका ठिकाणी आकडे नव्हतेच, दिव्याभोवती बारीक ठिपक्यांचं कडं होतं आणि एकेक ठिपका विझत जायचा. एका ठिकाणी काहीच दिसायचं नाही, नुसती टिकटिक ऐकू यायची आणि वेळ संपत आली की ती जलद व्हायची. एका मोठ्या रस्त्याला नव्वदपासून आकडे सुरू व्हायचे, आणि ताई म्हणत होती, "अगं आई, इथे रस्ता ओलांडता ओलांडता पुस्तक वाचून होईल तुझं." हे सगळे प्रकार मला ठाऊक होते. अकरा वर्षांत मी दुसरं वाचलंय काय? ठिपक्यांच्या कड्याने माणसांची चुळबुळ कमी होते का यावर मी एकदा आठ पानी टिपण केलं होतं आणि ते साहेबांच्या कपाटात अजून आहे. एकदा जेवताना मी आईला ते सांगायलाही गेले. म्हटलं, "आकडा दिसला ना, की माणसं शेवटच्या तीन सेकंदांत रस्त्यात उड्या घेतात. म्हणून काही ठिकाणी मुद्दाम लपवतात तो." आई म्हणाली, "हो का?" आणि फोन पुढे करत म्हणाली, "हा बघ, कालच पाठवलाय. इथे तर बटण आहे." मी पाहिलं. बटण होतं. ताईची अंगठी घातलेली बोटं ते दाबत होती. त्या शहरातली निम्मी बटणं कशालाच जोडलेली नसतात, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आई म्हणाली असती, तुला मेलं कुणाचं कौतुक म्हणून नाही.

आणि ते खरंच आहे, मला ताईचं कौतुक नाही. असूया म्हणा, जळफळाट म्हणा, जे काय असेल ते, लहानपणापासून आहे आणि आता या वयात त्याला गोंडस नाव द्यायचा मला कंटाळा येतो. आई घरी शिवणकाम करायची. ताईच्या मापाचं कापड नवीन कोरं आणलं जायचं. टेबलावर ते पसरून आई खडूने रेघा मारायची आणि ताई हात पसरून उभी राहायची. माझं माप कधी घेतलं गेलं नाही. ताईचा फ्रॉक दोन वर्षांनी उसवून, आत घेऊन माझा व्हायचा, आणि आत घेतल्याच्या जुन्या टाक्यांची भोकं पोटाशी दिसायची. आई म्हणायची, कुणी बघतंय का तिथे? कुणी बघत नव्हतं. मीच बघायचे, शाळेत बाकावर बसल्या बसल्या, बोटाने ती भोकं मोजायचे. शाळेला जाताना एक मोठा रस्ता लागायचा, तेव्हा सिग्नल वगैरे काही नव्हतं, आणि आईची सक्त ताकीद होती की ताईचा हात सोडायचा नाही. एकदा गाड्यांत जरा फट दिसली आणि ताई माझा हात सोडून पळाली. पलीकडे पोचून तिने मागे वळून पाहिलं. मी अलीकडेच. मध्ये गाड्या सुरू झालेल्या. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे, पाच मिनिटं असतील, मला दुपार गेल्यासारखी वाटली. शेवटी एका पोस्टमनने मला पलीकडे नेलं. घरी गेल्यावर ताईने सगळं खरं सांगितलं, त्याबाबतीत तिला नावं ठेवता येणार नाहीत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मला पाठीत एक धपाटा घातला. "हात सोडायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?" मी म्हणाले, "मी नाही सोडला, तिने सोडला." आई म्हणाली, "मग तू घट्ट नको का धरायला?" हे मी पुढे कित्येकदा मनातल्या मनात घोळवलं आहे. तू घट्ट नको का धरायला. आता घट्ट धरून तर मीच राहिले आहे. दवाखाने मी करते, गोळ्यांचे डबे मी भरते, ऑपरेशनच्या वेळी खुर्चीत नऊ रात्री मी काढल्या. ताई दहाव्या दिवशी आली, चार दिवस राहिली, आणि अजूनही आई लोकांना सांगते, "माझ्या ऑपरेशनला मोठी आली होती हो, एवढ्या लांबून."

गेल्या महिन्यात ताईचा तो व्हिडिओ आला, ज्याने हे सगळं सुरू झालं. नवा देश, नवं शहर. सिग्नलच्या खांबावर एक छोटी पेटी. एक पांढऱ्या केसांचे आजोबा आले, खिशातून कार्ड काढून त्यांनी पेटीला टेकवलं, आणि दिवा हिरवा झाला तेव्हा आकडा नेहमीपेक्षा मोठा होता. म्हाताऱ्या माणसांना वाढीव सेकंद. आजोबा सावकाश, मागे हात बांधून, अगदी बागेत फिरल्यासारखे पलीकडे गेले. आईने तो व्हिडिओ चहा निवेपर्यंत पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे नाही का गं असं काही?" तुमच्याकडे! म्हणजे मी कुठल्या तरी तिसऱ्याच देशात राहत होते, आणि तो देश काही फारसा सुधारलेला नव्हता. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "तुला नाही का करता येत?" मी म्हटलं, "आई, असं मनात आलं म्हणून नसतं करता येत. सर्वेक्षण असतं, नियम असतो." ती म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली आणि काठी शोधायला लागली.

आठवड्याभराने माझ्या टेबलावर एक ऑनलाइन तक्रार येऊन पडली. चौक क्रमांक एकशे सतरा, पादचाऱ्यांसाठीचा वेळ अपुरा, ज्येष्ठ नागरिकांच्या जिवाला धोका. खाली तक्रारदाराचं नाव, ताईचं. पत्ता आमचाच दिला होता. ती तिथे बसून, माझ्या कचेरीत, माझ्या चौकाबद्दल, माझ्याविरुद्ध! एक फोन करता आला नसता का मला? मी तिला विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तक्रार साहेबांपुढे ठेवली, तक्रारदार बहीण आहे आणि आईला सहा सेकंद कमी पडतात हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, सहा सेकंद म्हणजे तिकडे बसची रांग पुलापर्यंत जाते. आणि आया सगळ्यांनाच आहेत." मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब." आणि मीच बसून ताईला नकाराचं पत्र लिहिलं. "आपली विनंती विहित निकषांत बसत नसल्याने मान्य करता येत नाही, कृपया सहकार्य करावे." अकरा वर्षांत मी अशी शेकडो पत्रं लिहिली असतील, पण इतकं मन लावून लिहिलेलं हे एकच. सहकार्य करावे हे शब्द मी दोनदा वाचले आणि मग पत्र तिच्या मेलवर पाठवलं.

आणि तरीही त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी मी सेकंद वाढवले. का, तर ताईला नाही म्हणून झालं होतं, आता आईला हो म्हणायचं होतं, आणि ते माझं एकटीचं हो असायला हवं होतं. गाड्यांच्या वेळातून सहा काढले, पायी जाणाऱ्यांत घातले, कारणाच्या रकान्यात "चाचणी" असं लिहिलं. नोकरीत मी असा उद्योग कधी केला नव्हता. घरी आल्यावर आईला काही सांगितलं नाही. तिने आपणहून ओळखावं असं मला वाटत होतं. तिने चार वाजता दिव्यावर चोवीस आकडा पाहावा, थबकावं, वर आमच्या खिडकीकडे बघावं. मी शनिवारी पावणेचारपासून खिडकीत उभी होते. आई खाली उतरली, थांबली, दिवा हिरवा झाला. तिने आकड्याकडे पाहिलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं. मग ती निघाली, आणि रस्त्याच्या मध्यावर आल्यावर तिने काठी टेकणं बंद केलं, नुसती हातात धरली, आणि एक उरला असताना पलीकडे चढली. खिडकीकडे तिने पाहिलं नाही. ठीक आहे, म्हटलं, घरी आल्यावर बोलेल. घरी आल्यावर ती पुस्तकाबद्दल बोलली. रविवारीही तेच. सोमवारी रात्री जेवताना मी न राहवून विचारलं, "आज वाचनालयात काही त्रास झाला नाही ना जाताना?" ती म्हणाली, "नाही. आता बरं वाटतंय पायाला." मी पोळी चावत राहिले. बोलेल, उद्या बोलेल.

आणि मंगळवारी सकाळी ती बोलली, फोनवर, ताईशी.

मी डबा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिले. पलीकडून ताई काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं. पण तिच्याकडे नकाराचं पत्र होतं. तिला पक्कं ठाऊक होतं की तिच्या तक्रारीने काही झालेलं नाही. ती एवढंच म्हणाली असती, अगं आई, मला तर नाही म्हणून कळवलंय, हे धाकटीनेच केलं असणार, तर आईचा चेहरा बदलला असता. मी तो चेहरा बघत होते. कपाळावरची आठी, ओठांच्या कोपऱ्यातली थोडीशी ओल, सगळं बघत होते. चेहरा बदलला नाही. म्हणजे ताईने ते आयतं पदरात पाडून घेतलं होतं. किंवा पत्र तिने उघडलंच नसेल. किंवा लाइन खराब असेल. मी तिला सगळ्या बाजूंनी सवलत देऊन पाहिली, पण मनाला एकच बाजू पटत होती. आई फोन ठेवून म्हणाली, "निघालीस? छत्री घे." मी म्हटलं, "सेकंद वाढले वाटतं समोर." ती म्हणाली, "हो ना. मोठीने वरपर्यंत लावून धरलं. बाहेरून तक्रार आली की हे लोक हलतात." हे लोक. मी छत्री घेतली नाही.

कचेरीत पोचल्यावर सव्वादहा वाजता मी सहाही सेकंद काढून घेतले. पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी. "चाचणी समाप्त" लिहिलं. त्या क्षणी मला काय वाटलं हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. बरं वाटलं. तोंडातला खडा काढून टाकावा तसं बरं वाटलं. नियमाप्रमाणे अठराच बसतात, मी नियम मोडला होता, तो आता जागेवर आणला, यात कुणी मला काही म्हणू शकलं नसतं, आणि मी मनातल्या मनात आईला म्हणत होते, आता सांग मोठीला. आता लावून धर म्हणावं वरपर्यंत. दुपारी माझा डबा मी चवीने खाल्ला. टेबलाशेजारच्या वायरमनने विचारलं देखील, "काय मॅडम, आज खुशीत?" मी हसले. पण साडेतीन वाजल्यापासून माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. समोरच्या भिंतीवर चौकांची चित्रं दाखवणारे पडदे आहेत, दहा-दहा सेकंदांनी ती बदलत असतात. एकशे सतरा मोठं करून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. चारला पाच मिनिटं कमी असताना मी ते मोठं केलं.

आई उभी होती. वरून, तिरकी, नखाएवढी. तिच्या हातात काठी आणि परत करायचं पुस्तक. दिवा हिरवा झाला, अठरा आले. ती निघाली नाही. बाकीचे लोक निघाले, ती तशीच आकड्याकडे बघत राहिली, शून्य होईपर्यंत. गाड्या सुरू झाल्या. माझ्या मनात आलं, जाईल परत घरी. घरी जा, आई. पुन्हा हिरवा झाला, पुन्हा अठरा, आणि या वेळी ती निघाली. चालण्यात घाई होती. ऑपरेशन झालेल्या पायाला ती मागून ओढून घेत होती. बारा. नऊ. मी मोजत होते, तोंडाने, आणि वायरमन माझ्याकडे बघायला लागला होता. सहा उरले तेव्हा ती मध्यावर होती. तिथे तिने एकदा वर पाहिलं, आकड्याकडे, आणि पाय उचलायचा प्रयत्न केला, आणि पुस्तक खाली पडलं. वाकू नकोस, मी म्हटलं. ती वाकली. शून्य झालं. चारही दिशा एकदम तांबड्या करण्याची सोय माझ्या टेबलावर आहे, अपघातासाठी, तिला पासवर्ड लागतो आणि ती दोनदा खात्री करून घेते. पासवर्डमध्ये मी दोनदा चुकले. पडद्यावर एक पांढरी व्हॅन सुरू झाली, आणि एका सायकलवाल्या बाईने सायकलवरून उतरून ती सायकल व्हॅनच्या पुढ्यात आडवी घातली. हात वर करून ती काहीतरी ओरडत होती. आवाज नसल्यामुळे नुसते हातवारे दिसत होते. आईने पुस्तक उचललं, त्या बाईने तिचा दंड धरला, दोघी पलीकडे चढल्या. त्यानंतर माझी आज्ञा पोचली आणि चारही बाजू तांबड्या झाल्या. चौकात कुणीच नव्हतं. सगळा ट्रॅफिक रिकाम्या रस्त्याकडे बघत अर्धं मिनिट थांबून राहिला. मागून साहेबांचा आवाज आला, "एकशे सतराला काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "चुकून दाबलं गेलं." साहेब तिथून हलेनात, त्यामुळे सेकंद परत घालता आले नाहीत. डोकं दुखतंय सांगून मी निघाले. पडद्यावर आई वाचनालयात गेली नव्हती. फुटपाथच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यावर.

मी पोचले तेव्हा ती घरी आली होती. त्याच बाईने आणून सोडलं म्हणे. पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, गुडघा दिसण्याइतका सुजलेला. मी चपला न काढताच तिच्यापुढे बसले आणि पिशवी हातात घेतली. आई माझ्याकडे बघत नव्हती, पिशवीकडे बघत होती.

"काल चोवीस होते," ती म्हणाली. "आज अठरा."

मी पिशवीचं तोंड आवळलं.

"मोठीने करून घेतले असते तर असे एका दिवसात गेले नसते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. कापडाचा हिशेब चुकला की ती असंच बोलायची, कापड हातात घेऊन, स्वतःशी. "म्हणजे तूच दिले होतेस."

"हो."

"आणि तूच काढून घेतलेस."

"हो, आई."

आता धपाटा येईल असं मला वाटलं, खरंच वाटलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी पाठ आपोआप ताठ झाली. तेवढ्यात फोन वाजला. ताई. तिची ती वेळ नव्हती, सकाळच्या बोलण्यात काहीतरी राहिलं असावं. आईने स्पीकर लावला, गुडघ्यामुळे तिला फोन कानाशी धरून बसता येत नव्हतं. ताई म्हणाली, "आई, अगं मी आत्ता मेल बघितले. तिथून तर मला नाही म्हणून कळवलंय! मग सेकंद वाढवले कुणी? आहेत ना नक्की?" तिच्या आवाजात लबाडी नव्हती. पत्र तिने उघडलंच नव्हतं. सकाळपासून मी तिला जे काय काय म्हटलं होतं ते सगळं फुकट गेलं, आणि तेही मला आवडलं नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे वळून म्हणाली, "आहेत की. आजच जाऊन आले. चोवीस आहेत चांगले."

"आणि पाय?"

"पाय छान आहे. धाकटीने केलंय ते, गुपचूप. कुणाला सांगू नको, तिच्या साहेबांना कळू द्यायचं नाहीये."

"वाटलंच मला," ताई म्हणाली. "तिला दे ना फोन."

"नाहीये ती. यायचीये अजून," आई म्हणाली, आणि मी तिच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले होते.

ताईपासून आईने कधी काही लपवलेलं मला माहीत नाही. माझं तापलेलं अंग, माझे कमी पडलेले गुण, मला बघायला येऊन नकार कळवलेली मंडळी, सगळं पुढच्या फोनला ताईकडे गेलेलं असायचं. आज पहिल्यांदा ती ताईशी खोटं बोलली होती, एकदा नाही, तीनदा, आणि तीनही वेळा माझ्यासाठी. मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर वाटली. आधी जे झालं तो आनंद होता, इतका हलका आणि इतका नीच आनंद की पिशवीतलं थंड पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं तरी मी हात हलवला नाही. या खोलीत आता आमच्या दोघींचं काहीतरी होतं आणि ताई त्याच्या बाहेर होती. त्यासाठी आईचा गुडघा सुजला होता, हेही मला दिसत होतं.

आईने फोन बंद करून बाजूला ठेवला. मग, इतकी वर्षं मी जो आवाज तिच्याकडून माझ्यासाठी ऐकला नव्हता त्या आवाजात, जरा वाकून, तिने विचारलं, "उद्या परत देशील का गं ते सहा?"

मी देणारच होते. सकाळी कचेरीत पाऊल टाकल्याबरोबर देणार होते, साहेब काय वाटेल ते म्हणोत. माझ्या तोंडात ते शब्द आलेसुद्धा होते. पण मी लगेच बोलले नाही. मी खाली बघत बर्फाची पिशवी गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवली.

"देशील ना?" आईने पुन्हा विचारलं.